खुशालरावाच्या घरचं लोणी

लोणी जिभेवर ठेवलं आणि प्रणालीचा हात तसाच तोंडाशी राहिला. समोर शैलाकाकू उभ्या होत्या. घरमालकीण. रविवारची सकाळ, अंगात स्वेटर, पायात मोजे, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याला काहीतरी देऊन झाल्यावर येतं ते समाधान. त्यांनी खालून जिना चढून पळसाच्या पानात एक गोळा आणला होता. "लोणीवाल्या खुशालरावांनी आज दोन दिले, म्हटलं एक तुला द्यावा. एकटी राहतेस, काय खात असशील कोण जाणे. कसं आहे?" प्रणाली म्हणाली, "छान आहे." दुसरं काय म्हणणार होती? जिभेवर पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, धूर होता. नेमका तोच, किंचित कडवट, विरघळता विरघळता टाळूला चिकटून राहणारा. सगळ्या वऱ्हाडात पऱ्हाट्या जळतात आणि सगळ्या वऱ्हाडात लोणी निघतं, हे तिलाही कळत होतं. पण धुतलेलं डेरं पालथं घालून त्याच्याखाली पऱ्हाट्यांचा धूर कोंडायचा, काळ्या तोंडाचं ते डेरं तसंच उन्हात ठेवायचं आणि मगच त्यात दही ओतायचं, ही खोड एकाच बाईची. ती बाई इथून पंधरा किलोमीटरवर, वलगावच्या पुढच्या एका खेड्यात, आत्ता या वेळेला डेऱ्यापुढं बसलेली असणार. शैलाकाकू बोलत होत्या, "आजकाल कुठे मिळतं असं? खुशालरावांची बायको आंघोळ केल्याशिवाय डेऱ्याला शिवत नाही म्हणे. नाहीतर बाजारात कोणाकोणाच्या हातचं असतं, काय सांगावं बाई!" प्रणालीनं मान हलवली. आपली मान हलली, हे तिला नंतर कळलं.

काकू गेल्या. तिनं दार लावलं आणि पान ओट्यावर ठेवून गोळा नीट पाहिला. कोपरा तिच्या बोटानं उकरलेला, पण वरची बाजू शाबूत होती. गोळा बांधून झाला की ओल्या हाताची चार बोटं त्याच्यावर दाबायची, म्हणजे उरलेलं पाणी सुटतं. हे सगळ्याच बाया करतात. इथं तीन खोल चरे होते आणि चौथा नुसता स्पर्शापुरता. करंगळीशेजारचं बोट. विळ्यानं कापलं तेव्हा प्रणाली दुसरीत होती. आईनं चिंधी गुंडाळून त्याच हातानं उरलेली ज्वारी कापली होती आणि ते बोट पुन्हा कधी सरळ झालं नाही. प्रणालीनं आपलं बोट त्या चौथ्या उथळ चऱ्यात ठेवलं. लोणी गार होतं. मग तिला एकदम संताप आला, इतका की ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकावे लागले. खुशालरावाची बायको! आंघोळ केल्याशिवाय शिवत नाही! आणि तिची आई काय, आंघोळ न करता बसते?

रागाची एक गंमत असते. तो यायचा त्या माणसावर आधी येत नाही. प्रणालीला आधी राग आला तो स्वतःच्या मानेवर. चौतीस वर्षांची बाई, पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता, हाताखाली बारा माणसं. अर्ध्या शहराचे नळ तिच्या सहीनं सुटायचे. शैलाकाकूंच्या देवघरातल्या तांब्यातलं पाणीही त्यातलंच, आणि त्या पाण्याला कधी कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तू कोणाच्या हातचं. पण कोणाकोणाच्या हातचं असतं म्हटल्यावर या अभियंता बाईची मान हलली होती, हो, खरंच, म्हणून. गेल्या वर्षी अकोल्याहून इथं बदली झाली तेव्हापासून ती मान अशीच हलत होती. अकोल्यात हलत नसे. अकोल्यात ती ताठ होती आणि ताठ मानेनं तिनं तीन घरं पाहिली होती. पहिल्या ठिकाणी, तुम्ही कोण, म्हटल्यावर तिनं सांगितलं, बौद्ध. त्यांनी सरबत दिलं आणि खोली भाच्यासाठी ठेवल्याचं त्यांना त्याच क्षणी आठवलं. दुसऱ्या ठिकाणी पुतण्या होता. तिसऱ्या ठिकाणचा म्हातारा मात्र सज्जन, तो बिचारा खोटं बोलायला लाजत होता, म्हणाला, "मले काही नाही वं बाई, पन आमची म्हातारी आयकत नाही." आत म्हातारी खोकत होती. खोकल्यावरूनसुद्धा ती फार काही न ऐकणारी वाटत नव्हती. शेवटी प्रणाली दोन वर्षं सरकारी वसतिगृहाच्या एका ओल्या खोलीत राहिली. मग अमरावती. शैलाकाकूंनी विचारलं, "वानखडे म्हणजे कुठले?" ती म्हणाली, "वलगावकडचे." आणि थांबली. वानखडे आडनाव वऱ्हाडात सगळ्या जातींत असतं, ज्याला जे वाटायचं ते वाटून घेता येतं. काकूंना काहीतरी वाटलं, त्यांचा चेहरा सैल झाला, त्यांनी किल्ली दिली. खोटं कुठं बोलली ती? एक शब्द नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात; पण लपवलेल्या भांड्यातही ताक भरून मिळतं, हे म्हण करणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

आईकडे जायला गाडी काढताना तिला ते खरंखुरं भांडंही आठवलं. ताक कोणी विकत नसे तेव्हा, मागायला जायचं. खुशालरावाच्या घरी चार म्हशी, अंगणात कडुनिंब, आणि त्याची बायको पार्बताबाई पायरीवर उभी. प्रणाली खाली. भांडं जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरायचं, मग वरून धार यायची. पार्बताबाई वाईट नव्हती. ती ताक भरपूर घालायची, मिठाचा खडाही टाकायची, परीक्षेचं विचारायची. फक्त धार उंचावरून सोडायची, आणि उंचावरून सोडलं की ताक उडतं. फ्रॉकवर थेंब घेऊन परत येताना शाळेतल्या मुली दिसल्या की प्रणाली ते जर्मनचं भांडं पाठीमागं धरायची. वर्षानुवर्षं तिला वाटत होतं की आपल्याला लाज गरिबीची वाटायची. आता गाडी चालवत, तोंडावर डिसेंबरचा वारा घेत, तिला वाटलं की गरिबीची लाज वेगळी असते, तिला उंची नसते. ती धार किती वरून यायची हे तिच्या डोळ्यांना अजून माहीत होतं. पेढी नदीचा पूल गेला. दोन्ही अंगांनी तूर फुलली होती, मध्येच संत्र्याच्या बागा, कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर पुढं डुलत चालला होता आणि त्याच्यातून कापूस उडून तिच्या हेल्मेटच्या काचेला लागत होता.

मग त्यांच्याकडे म्हैस आली. वडिलांनी, जानरावांनी, कुठल्याशा योजनेचे खेटे घालून घालून आणलेली, काळीभोर, वळल्या शिंगांची, आणि घरात पहिल्यांदा डेरं लागलं. पार्बताबाईकडची धार तिथं संपली. आईला ताक घुसळणं कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या आईकडे गुरं होती ती दुसऱ्यांची, राखायला. ती ते कान लावून शिकली. दही घुसळताना आधी रवी जड असते, आवाज खोल येतो. मग एका क्षणी तो आवाज पातळ होतो, डेऱ्याच्या कडांवर कण दिसायला लागतात. त्या वेळी थंडी असली तर कोमट पाण्याचा एक हबका, ऊन असलं तर गार पाण्याचा, आणि तोंड बंद. लोणी येताना बोलायचं नाही असा तिचा नियम. नजर लागते म्हणून नाही, ऐकू येत नाही म्हणून. मग लोण्याचा गोळा तीन पाण्यांतून काढायचा, तिसरं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. प्रणाली पाचवीत असताना त्या लोण्याचे सहा गोळे घेऊन आई आणि ती वलगावच्या बाजारात बसल्या. एका बाईनं चाखलं, डोळे मिटले, दोन गोळे पिशवीत टाकले. आणि मग सहज विचारलं, "कोनाच्या घरचं व?" आईनं सांगितलं. सरळ, पूर्ण नाव, वस्तीचं नाव. त्या बाईनं दोन्ही गोळे परत टोपलीत ठेवले, तिथंच बाजूला थुंकली आणि पदरानं जीभ पुसली. जीभ! प्रणालीला अजून ती पुसलेली जीभ दिसते. आईनं टोपली उचलली. सहाच्या सहा गोळे घरी आले आणि पुढचे चार दिवस त्यांच्याकडे भाकरीवर लोणी, खिचडीवर लोणी, नुसतं बोटानं लोणी, शेजारच्या पोरांना लोणी. पोरांना वाटलं सण आहे. प्रणालीलाही वाटलं. ती दुसऱ्या दिवशी आईला म्हणाली होती, "पुढच्या बाजारीबी नको विकू." हे आठवलं की तिला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिची आई, इंदूबाई, पडवीत घुसळत बसल्या होत्या. खांबाला बांधलेली रवी, दोन हातांत दोरी, एक हात पुढं तेव्हा दुसरा मागं. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, लेक दिसली, आणि त्यांनी फक्त डोळ्यांनी बस म्हटलं. आवाज पातळ होत आला होता. प्रणाली बसली नाही. पंधरा किलोमीटर आणलेला संताप घेऊन ती उभी राहिली आणि लोणी येण्याची वाट पाहिली, कारण त्या घरात तेवढा एक नियम संतापापेक्षा मोठा होता. कडांवर कण आले. आईनं शेगडीवरच्या भांड्यातून कोमट पाण्याचा हबका मारला. दोरी थांबली.

"आज कशी आली वं मंधातच? जेवून जाजो."

"आई, खुशालराव आपलं लोनी नेते?"

"हाव."

"अन् त्याच्या घरचं म्हनून विकते?"

"माहीत हाय मले," इंदूबाई म्हणाल्या आणि डेऱ्यात हात घातला. त्यांनी सांगितलं ते असं, लोणी गोळा करता करता, कुणाच्या लग्नाची हकिगत सांगावी तसं. पार्बताबाईचे हात गेले. सांधे. तिला आता पदरही नीट धरता येत नाही. सून पुण्याला. म्हशी विकल्या. पण खुशालरावाकडून लोणी घेणारी शहरातली जुनी घरं होती, वीस वर्षांची, ती कशी सोडायची? दोन वर्षांमागं तो एका सकाळी आला. अंगणात नाही, आत आला, या खाटेवर बसला, चहा मागून घेतला. कपात. म्हणाला, इंदूबाई, तुमच्यासारखं लोणी गावात कोणी काढत नाही. "असं म्हनला थो," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून प्रणाली जास्तच भडकली, कारण तो अभिमान होता.

"मोठं मन त्याचं! चहा पेला! अन् तू खुश झाली? आई, तू डेअरीवर दूध काहून नाही घालत? तथी कोनी नाव इचारत नाही, गाव इचारत नाही, फॅट पाह्यतात अन् घेतात."

"माहं दूध दहा घरच्या दुधात मिसळू काय? कोनाच्यात पानी, कोनाच्यात पावडर. माहं ते माहं."

"पन ते तुहं राह्यलंच कुठं? ते खुशालरावाचं झालं ना!"

इंदूबाई गोळा पाण्यात बुडवून दाबत होत्या, पाणी पांढरं होत होतं. प्रणालीला वाटलं, मेल्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक म्हणतात ते हेच. पण इथं मढं कोणी नव्हतं. आई जिवंत होती, ठणठणीत होती, आणि दुसरं पाणी घेत होती. तिला कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं, मग नुसतं खुशालरावाला धरून चोपायचं राहिलं असतं. हिनं तर डोळे उघडे ठेवून दिलं होतं. का? बाजारात पुसलेली ती जीभ हिला आठवत नाही का? की आठवते म्हणूनच? ज्या घरांनी पुसली असती त्या घरांच्या जिभांवर आज रोज हिचंच लोणी आहे, याचा काही आनंद हिला होत असेल का, असाही विचार प्रणालीच्या मनात आला, आणि तिला तो आवडला नाही. असल्या आनंदावर समाधान मानायला लावणाऱ्यांवर तिला पुन्हा नव्यानं राग आला.

दारात गाडी थांबली. खुशालराव आला. सत्तरीचा, पांढरं धोतर नाही, साधी पँट, वर मफलर, हातात स्टीलचा डबा आणि काखेत पळसाच्या पानांची गड्डी. तिला पाहून तो मनापासून हसला. "काय मॅडम, कवा आल्या?" आणि खाटेवर बसला, हक्कानं, पाय वर घेऊन. प्रणालीनं वाट पाहिली नाही. तिनं जे सकाळपासून तोंडात धरलं होतं ते सगळं सोडलं. शैलाकाकू काय म्हणाल्या, पार्बताबाईची आंघोळ, सोवळं, कोणाकोणाच्या हातचं. तिचा आवाज चढत गेला, शेजारची कोंबडी पळाली. खुशालरावानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, अगदी शांतपणे:

"बरोबर हाय तुमचं. शंभर टक्के बरोबर. पन लोकाईले लोनी नाही लागत बाप्पा, नाव लागते. मी का त्याईले शिकवाले जाऊ? मले सोताले काही नाही. मी या घरी चहा पेतो, इचारा तुमच्या मायले. गावातले चार जन नावं ठेवतात मले त्याच्यापायी."

"चहा पेऊन उपकार करता काय?"

"उपकार नाही वं बाई. पन एक सांगू काय, राग नका मानू." त्यानं मफलर सारखा केला. "तुमची खोली. त्या शैलाबाईनं मले इचारलं होतं. म्हने, खुशालराव, तुमच्याच वलगावकडची पोरगी हाय, वानखडे, वरची खोली मांगून राह्यली, कशी मानसं हायेत? मी काय सांगाले पाह्यजे होतं? सांगा. मी म्हनलं, बिनघोर द्या. आपल्यातलीच हाय."

इंदूबाईंचे तिसऱ्या पाण्यातले हात थांबले. इतके दिवस प्रणालीला वाटत होतं की आपण थांबलो आणि काकूंनी वाटून घेतलं. तसं झालंच नव्हतं. काकूंनी चौकशी केली होती, रीतसर, आणि खुशालरावानं तिला पानात बांधून, आपल्या घरचं म्हणून, पोचती केली होती.

"काय म्हनलं तुमी?" इंदूबाईंनी विचारलं.

"तिच्या भल्यासाठीच म्हनलं ना, इंदूबाई. पोरीले खोली भेटली."

इंदूबाई उठल्या. हातांवरून पाणी ओघळत होतं. त्या ठेंगण्या, आणि खुशालराव बसलेला, त्यामुळे दोघांचे डोळे एका पातळीवर आले. "लोनी तुमच्या नावानं गेलं त गेलं, खुशालराव. माही पोरगी काहून गेली तुमच्या नावानं?"

"आता याच्यात एवढं—"

"तिचा बाप जानराव. रोजंदारी करून शिकवली त्यानं तिले. तुमी नाही."

खुशालरावानं काहीतरी पुटपुटून डबा पुढं केला. इंदूबाईंनी तो घेतला, बघितला, आणि त्याच्याच मांडीवर परत ठेवला. "आज लोनी नाही." "अन् उद्या?" "उद्याबी नाही." "नासून जाईन तुमचं! कोन नेते दुसरं?" "नासू द्या." त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. तो निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "मी वाईट मानूस नाही, इंदूबाई." इंदूबाई म्हणाल्या, "कोन म्हनते?" आणि तो गेला. पानांची गड्डी तिथंच खाटेवर राहिली.

प्रणालीला वाटलं होतं की हे झाल्यावर आपल्याला मोकळं वाटेल. झालं उलटंच. आई आता तिच्याकडे बघत होती, आणि मघाशी खुशालरावाकडे बघत होती तसंच.

"तू काय सांगतलं होतं त्या बाईले?"

"काही नाही. तिनं इचारलंच नाही."

"मले कोनी नाही इचारलं तरी मी सांगतो."

"तूही त लपवलं ना आई! दोन वर्षं झाली!"

"मी काय लपवलं? दिवसाढवळ्या माह्या दारात त्याची गाडी उभी राह्यते, अख्ख्या गावाले माहीत हाय. झूट बोलला असीन त थो बोलला. मी त लोनी करतो." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "तुले खोली नव्हती भेटत, हे मले काहून नाही सांगतलं?"

अकोल्याची तीन घरं प्रणालीनं आईला कधी सांगितली नव्हती. फोनवर ती म्हणायची, वसतिगृहच बरं आहे, ऑफिस जवळ पडतं. इंदूबाईंनी गोळा बांधला, ओला हात त्याच्यावर दाबला, खुशालरावाच्याच गड्डीतलं एक पान ओढून त्यात ठेवला आणि दोऱ्यानं बांधून लेकीच्या हातात दिला. "हे त्या बाईले दे. अन् सांग, कोनाचं हाय ते." "खोली जाईन माही." "जाईन." बस, एवढंच म्हणाल्या. धीर दिला नाही, समजूत काढली नाही, जेवून जा असं मात्र पुन्हा म्हणाल्या. प्रणाली जेवली नाही.

परतीच्या रस्त्यावर तिनं वाक्यं जुळवली. मोठी मोठी वाक्यं, ज्यांत माणुसकी होती, कायदा होता, वलगावचा बाजार होता, पार्बताबाईच्या पायरीची उंची होती. पेढीच्या पुलापर्यंत तिचं सबंध भाषण तयार झालं. पुलानंतर तिला काकूंच्या घरचा आलेपाक आठवला. जुलैत तिला ताप होता तेव्हा काकू तीन दिवस वर येत होत्या, कपाळावर घड्या ठेवत होत्या. त्या हातांचं काय करायचं? ते हात खरेच मायेचे होते. पण कोणासाठी होते? खुशालरावानं सांगितलेल्या वानखडेसाठी होते. म्हणजे ती माया तिला कधी मिळालीच नव्हती, ती त्या दुसऱ्या मुलीला मिळाली होती, जी नव्हतीच. हे मनात आलं तेव्हा तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी पाच मिनिटं नुसती उभी राहिली. न मिळालेल्या मायेबद्दल रडायचं की चिडायचं ते कळेना. चिडणं सोपं होतं, सवयीचं होतं. डिकीत लोणी होतं आणि ऊन चढत चाललं होतं, म्हणून ती निघाली.

काकूंनी दार उघडलं. टीव्ही चालू होता. प्रणालीची सगळी भाषणं उंबऱ्याबाहेरच राहिली, आणि तोंडातून निघालं ते एवढंच: "काकू, सकाळचं लोणी माझ्या आईनं केलं होतं. खुशालरावांच्या बायकोनं नाही. हेही तिनंच केलंय. इंदूबाई वानखडे. आम्ही बौद्ध आहोत."

काकूंचा चेहरा बदलला नाही. बदलला असता तर प्रणालीला पुढं काय करायचं ते कळलं असतं. त्या हसल्या, थोडं जास्तच हसल्या. "अगं बाई! मग त्यात काय एवढं? आम्ही नाही पाळत हं असलं काही. आमच्या यांच्या ऑफिसात तर सगळेच होते." त्यांनी दोन्ही हातांनी पान घेतलं, अगदी कौतुकानं, आणि मागं वळून ओट्याकडे पाहिलं. "कढवूनच टाकते आजच्या आज. कच्चं टिकत नाही ना. तूप झालं की काही प्रश्नच नाही, विस्तवातून गेलं की सगळं सारखंच. सकाळचंही त्यातच घालते."

"सकाळी तर तुम्ही कच्चं खाल्लं असेल की."

"सकाळची गोष्ट वेगळी," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो ते. टीव्हीवर कोणीतरी हसलं. त्यांच्या हातात पान होतं, लोणी कडेनं सुटायला लागलं होतं आणि त्यांच्या बांगडीपर्यंत पोचलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही आणि चाटलंही नाही.

"कढवू नका काकू," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, फार साधा होता. "एक बोट चाखा. इथं. माझ्यासमोर."

"चाखलं असतं गं," काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग देवघराकडे, मग तिच्याकडे. "पण आज माझा उपास आहे."

"लोणी उपासाला चालतं," प्रणाली म्हणाली, आणि दारातून हलली नाही.